गाडीवर आणलेलं घर

बारूदभाऊंनी आमच्या घरात पहिलं पाऊल टाकलं ते दार न उघडता, दारातून आरपार. आम्ही त्याच दिवशी राहायला आलो होतो. सामान अंगणात पडलेलं, टेम्पोवाला भाड्यासाठी खोळंबलेला, आणि कोपऱ्यावरच्या घरातला हा उंचापुरा म्हातारा फाटक ढकलून आत आला, त्यानं आमच्या नव्याकोऱ्या दाराकडे जरा वेळ बघितलं आणि त्याला लाथ घातली. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. एका पायावर उभं राहून त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि सांगितलं, "हे दार नाई बाई, पुठ्ठा हाये. फसवलं तुमाले." माझ्या नवऱ्यानं त्यांना काखेत धरून पाय बाहेर ओढला. नडगी चांगली सोलून निघाली होती. मी सरकारी दवाखान्यात सिस्टर, त्यामुळे नव्या घरात चूल पेटवायच्या आधी मी त्यांच्या नडगीला पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी ते सागवानाची फळी घेऊन आले आणि भोकावर अशी ठोकली की चौकटीशेजारच्या भिंतीला चीर गेली. माफी त्यांनी भोकाचीही मागितली नाही आणि चिरेचीही नाही.

त्यांचं खरं नाव रेशन कार्डावर आणि कर्जाच्या कागदांवर होतं. बाकी सगळ्या वस्तीला ते बारूदभाऊच. उभी हयात त्यांनी चंद्रपूरजवळच्या एका उघड्या कोळसा खाणीत, ठेकेदाराच्या हाताखाली काढली होती. दगडात पाडलेल्या भोकांत बारूद भरायची आणि उडवायची, हे काम. त्यात एक कान पूर्ण गेला आणि दुसरा अर्धा. म्हणून बोलणं म्हणजे ओरडणं, आणि ओरडून भागलं नाही की हात. पाण्याचा टँकरवाला, रस्त्यात बैल सोडणारा, पानठेल्यावर बायकांबद्दल वेडंवाकडं बोलणारा, अशा सगळ्यांनी त्यांचा हात चाखला होता. मी एकदा म्हटलं, भाऊ, जरा ऐकून तरी घेत जा समोरच्याचं. तर म्हणाले, "बाई, मी कानानं अर्धा. समोरचा काय बोलून राह्यला ते समजेपर्यंत थो निघून जाते."

पण मारल्यावर माणसाला टाकून जाणं त्यांना जमायचं नाही. स्वतः फोडलेलं डोकं ते स्वतःच्या मोटारसायकलवर मागे बसवून दवाखान्यात घेऊन यायचे, आणि माझी ड्यूटी असली की थेट माझ्यासमोर उभं करायचे. "याले मी फोडलं हाये. नीट शिवा, पोराचं लगन ठरून राह्यलं." मारहाणीची केस म्हटली की पोलिसांना कळवावं लागतं. मी तसं सांगितलं की स्वतःचं नाव, बापाचं नाव, पत्ता सगळं न विचारता लिहून द्यायचे. टाके पडेपर्यंत त्या माणसाचा हात धरून बसायचे आणि मग दोघं समोरच्या टपरीवर चहा प्यायला जायचे. मला राग यायचा. ज्याचं कपाळ मी शिवत असे, त्याच्या आईच्या जागी मी स्वतःला ठेवून बघत असे. तरी त्या मोटारसायकलचा आवाज आला की ड्रेसिंगचा ट्रे पुढे ओढताना मला हसू आवरत नसे, हेही खरं आहे.

सुमनबाईंवर, म्हणजे त्यांच्या बायकोवर, मात्र हा हात उठत नसे, आणि ते काही त्यांच्या चांगुलपणामुळे नव्हे. माझ्या नोकरीत हाडं मोडलेल्या बायका न्हाणीत पाय घसरला म्हणून सांगतात, म्हणून मी सुमनबाईंना आडपडदा न ठेवता विचारलं होतं. त्या तांदूळ निवडत होत्या. सुपातून नजर न काढता म्हणाल्या, "एकदा मारलं होतं, नवी नवरी असताना. मंग मी सालभर माहेरी चिमूरले राह्यली. न्यायले आले तं भावानं यायले आंगणातच बसवलं, पाणीबी नाई देल्लं. तवापासून थो हात घरात गरीब गाईवाणी रायते." तसं नसतं तर या माणसाबद्दल मी एक ओळही लिहिली नसती.

आमच्या वस्तीला हिरवाई नगर असं नाव प्लॉट विकणाऱ्यानं दिलं होतं. वाळत घातलेली चादर संध्याकाळी काळी व्हायची, एवढीच तिथली हिरवाई. खाणीतून काढलेल्या मातीचे ढिगारे वस्तीच्या मागे उभे राहिले, त्यांच्यावर झुडपं माजली आणि त्यात एक वाघीण येऊन राहिली. माझी सकाळची पाळी असली की बारूदभाऊ काठी घेऊन मला बस थांब्यापर्यंत सोडायला यायचे. वाट सरेपर्यंत ते वाघिणीला तिच्या आईमाईवरून शिव्या द्यायचे. वाघीण कधी दिसली नाही, पण सगळी गल्ली जागी व्हायची आणि माझ्या नावानं बोटं मोडायची.

त्यांचं घर रस्त्यावरून विचित्रच दिसे. मागे सिमेंटच्या चार खोल्या, आणि पुढे मात्र जुनी कवेलूची, म्हणजे कौलांची, छपरी, कवेत न मावणारे सागवानी खांब, त्यांवर आडव्या तुळया, म्हणजे मयाल, आणि दोघांनी मिळून लोटावं लागे असं दार. ते सगळं त्यांच्या बापाचं होतं, पोंभुर्ण्याकडच्या एका खेड्यातलं. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा एकानं तलावाखालची धानाची बांधी घेतली, दुसऱ्यानं बैल घेतले आणि यांनी घर घेतलं. आमच्या झाडीपट्टीत घर घेणं म्हणजे काय ते सांगायला हवं. कवेलू उतरवायचे, मयाल काढायचे, खांब उपटायचे, दारं चौकटीसकट खणून काढायची आणि सगळं बैलगाडीवर लादून न्यायचं. मातीच्या भिंती तिथंच ठेवायच्या, पुढच्या पावसात त्या आपोआप विरघळून जातात. घर नेलं, असंच म्हणतात. बारूदभाऊ खांबावर थाप मारून सांगायचे, "घर तं मी गाडीवर टाकून आणलं, बाई. इथी फक्त भिंती बांधल्या."

त्या भिंतींसाठी त्यांनी घरकर्ज काढलं, एका फायनान्स कंपनीकडून. सह्या करायच्या दिवशी त्यांनी तिथल्या साहेबाला बजावलं होतं की कर्ज भिंतींवर आहे, लाकूड माझ्या बापाचं. साहेब हसला आणि सही कुठं करायची त्यावर बोट ठेवलं. ते हसणं म्हणजे होकार, असं बारूदभाऊ धरून चालले. साहेबाच्या लेखी तो एका म्हाताऱ्याचा विनोद होता. यांच्या लेखी तो करार होता, आणि पुढं जे झालं ते सगळं त्या एका हसण्यातून झालं.

मागच्या दोन खोल्या त्यांनी वीज केंद्रातल्या कामगारांना भाड्यानं दिल्या होत्या आणि त्या भाड्यातून हप्ता जायचा. मग खाण आमच्या दिशेनं सरकू लागली. दुपारी भोंगा व्हायचा, मागोमाग धमाका, आणि फळीवरचे डबे पुढे सरकायचे. कर्ज फेडून संपायच्या आत भिंती चिरत गेल्या. बारूदभाऊ गल्लीत उभे राहून खाणीच्या दिशेनं ओरडायचे की आज त्या गाढवानं बारूद जास्त भरली. ज्या कामानं त्यांचे कान गेले तेच काम आता त्यांच्या भिंती फोडत होतं, आणि शिव्या द्यायलासुद्धा त्यांना आपलाच धंदा सापडला होता. भाडेकरू गेले. नवे आले नाहीत.

आमच्या पलीकडच्या घराला एकदा गिऱ्हाईक आलं होतं. नवरा-बायको, बरोबर बायकोचे सासरे. चहा झाला, बोलणी जमत आली आणि धमाका झाला. छताचा पोपडा थेट सासऱ्यांच्या कपात पडला. ते लोक कप खाली ठेवून निघाले ते परत आले नाहीत. त्यानंतर हिरवाई नगरात घर घ्यायला कुणी आलंच नाही. भाव पडला, मग आणखी पडला, मग लोकांनी भाव विचारणंच सोडलं. एका मास्तरांचं कुटुंब फायनान्स कंपनीच्या ऑफिसात किल्ली ठेवून नागपूरला निघून गेलं. गल्लीत कुलपं वाढली. आम्हीही दोघांच्या पगारातून अशा घराचा हप्ता भरत होतो जे कुणी निम्म्या किमतीलाही घेतलं नसतं. अजूनही भरतो आहोत.

बारूदभाऊंचे हप्ते थांबले तसा कंपनीनं भिंतीवर लाल अक्षरांत लिहायला एक पेंटर पाठवला, की ही मालमत्ता आमच्याकडे गहाण आहे. बारूदभाऊंनी डबा उचलून त्याच्याच डोक्यावर ओतला. नंतर रॉकेलनं त्याचे केस धुऊन दिले आणि जेवायला बसवलं. मग आला वसुलीवाला. ब्रह्मपुरीकडचा तरुण मुलगा, भर उन्हाळ्यात गळ्यात टाय. बारूदभाऊ घरी नव्हते. त्यानं गल्लीत उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुमनबाईंना विचारलं की फुकट राहायची सवय लागली आहे का. तेवढ्यात कोपऱ्यावरून मोटारसायकल वळली. बारूदभाऊंनी ती थांबवलीसुद्धा नाही, तशीच पडू दिली. पहिल्या दणक्यात त्याचा ओठ फाटला, दुसऱ्यात दात गेला. तिसरा माझ्या नवऱ्यानं मध्ये पडून स्वतःच्या खांद्यावर घेतला.

नेहमीप्रमाणे त्याला घेऊन ते माझ्याकडेच आले. ओठ शिवता शिवता तो पोरगा रडत होता. थोडा दुखण्यानं, थोडा अपमानानं. तोंडात कापूस असताना त्यानं सांगून टाकलं की तुमच्या घराची किंमत आता कर्जापेक्षाही कमी आहे, ते विकलं तरी तुमच्याकडे बाकी निघणारच. बारूदभाऊंनी मला ते पुन्हा मोठ्यानं सांगायला लावलं. मी सांगितलं. त्यांनी त्या पोराच्या पायातल्या बुटांकडे बघितलं.

"घर देऊनबी कर्ज उरते?" ते म्हणाले. "मंग घर कायले घेता?"

मी शेवटचा टाका घातला आणि धागा कापला.

ताब्याची नोटीस दारावर चिकटली तेव्हा त्यांनी ती फाडली नाही, आणि मला तिथंच धास्ती वाटली. आठवडाभर ते कुणावर ओरडले नाहीत. ताबा घ्यायच्या दिवशी सकाळी सब्बलीच्या, म्हणजे पहारेच्या, आवाजानं गल्ली जागी झाली. बारूदभाऊ आपलं घर उपसत होते. कवेलू निघाले, मयाल निघाले, मोठं दार चौकटीसकट भिंतीतून सुटलं आणि त्याबरोबर भिंतीचा लचका आला. कुणी काही विचारलं नाही. आमच्या भागातल्या माणसाला असलं काम नुसतं बघत उभं राहता येत नाही. एकानं ट्रॅक्टर आणला. गॅसचं सिलिंडर उचलायचं म्हटलं तरी कंबर धरणारा माझा नवरा शिडीवर चढून कवेलू खाली देत होता.

दुपारी कंपनीची जीप आली. तो वसुलीवाला, चार धिप्पाड पोरं आणि बंदोबस्ताला दोन पोलीस. वसुलीवाल्यानं सांगितलं की हे गहाण मालमत्तेचं नुकसान आहे, गुन्हा आहे. बारूदभाऊंनी सांगितलं की साहेबाशी बोलणं झालं आहे. पोरांनी ट्रॅक्टरवर चढणारी चौकट धरली. इकडून बारूदभाऊंनी धरली. थोडा वेळ नुसती ओढाताण झाली, मग सब्बल फिरली आणि एका पोराचा हात कोपराखाली मोडला. मोडल्याचा आवाज मला गल्लीच्या या टोकाला ऐकू आला. मागून कुणीतरी बारूदभाऊंच्या डोक्यात कवेलू घातला. पोलिसांची लाठी समोर येईल त्याच्यावर बसू लागली. मी गॉजचा गुंडाळा घेऊन या डोक्याकडून त्या डोक्याकडे धावत होते, आणि कोण आपला, कोण कंपनीचा, हे बघायला वेळ नव्हता. माझ्या नवऱ्याच्या पाठीवर दोन वळ उठले, ते तो अजून पाहुण्यांना सांगतो. एवढ्यात आधार गेलेली उरलेली छपरी कडाकडा खाली आली. सगळीकडे धूळ झाली. धूळ बसली तेव्हा ट्रॅक्टर निघून गेला होता, लाकडाच्या ढिगावर बारूदभाऊ आणि सुमनबाईंना घेऊन.

पुढचं मला सुमनबाईंनी सांगितलं. पोंभुर्ण्याच्या वाटेवर जंगल खात्याचा नाका आहे. गार्डनं ट्रॅक्टर थांबवला आणि सागवानाचा वाहतूक परवाना मागितला. आमच्या जिल्ह्यात पोराटोरांना ठाऊक आहे की परवान्याशिवाय सागाची काडी हलवता येत नाही. बारूदभाऊ दुसऱ्यांना हा नियम बजावून सांगायचे. पण आपण लाकूड नेतो आहोत हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. ते गार्डला म्हणाले, "लाकूड नाई जी. घर हाये हे."

गार्ड भला होता. त्यानं आवाज चढवला नाही. तहसीलचे कागद आणा, तोवर माल डेपोत राहील, असं म्हणाला. कागद नाही मिळाले तर? तर लिलाव. एका लिलावातून ओढून काढलेलं घर दुसऱ्या लिलावाच्या तोंडाशी आलं होतं. बारूदभाऊंनी गार्डवर हात उचलला नाही. सुमनबाईंना खाली उतरवलं आणि ट्रॅक्टरवाल्याला ट्रॉली उलटी करायला सांगितली. नाक्यालगतच्या डेपोच्या फाटकासमोर खांब, मयाल, दारं गडगडत खाली पडली. माल उतरतो आहे म्हणून गार्ड नोंद करायला आत गेला. बारूदभाऊंनी ट्रॅक्टरवरची डिझेलची कॅन घेतली, ढिगावर रिकामी केली आणि काडी लावली. इतक्या पिढ्यांचं वाळलेलं लाकूड, बघता बघता भडकलं. ते हाताची घडी घालून समोर उभे राहिले. मग बापाचं ते मोठं दार पेटलं, आणि हा माणूस धावत आगीत शिरला. दोन्ही हातांनी दार धरून ओढू लागला. गार्डनं आणि ट्रॅक्टरवाल्यानं त्यांना मागे खेचलं तेव्हा हातांची कातडी दाराला राहिली होती.

दोन्ही हात कोपरापर्यंत जळाले. आमच्याच वॉर्डात ते कित्येक आठवडे होते. त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले होते, म्हणून दाराशी एक पोलीस स्टुलावर बसलेला असे. ड्रेसिंग मीच करत असे. मेलेली कातडी काढताना भलेभले किंचाळतात, ते छताकडे बघत पडून राहायचे. शिव्याही देत नसत. मला त्यांच्या शिव्या हव्या होत्या. पुढं ते सुमनबाईंच्या माहेरी, चिमूरला जाऊन राहिले आणि तिथंच गेल्या हिवाळ्यात वारले. ज्या मेव्हण्यानं एकदा अंगणात बसवलं होतं, त्यानंच खांदा दिला. खटला त्यांच्याबरोबर संपला. कर्ज संपलं नाही. आता ते सुमनबाईंच्या नावावर चालू आहे.

पण मला त्यांची आठवण येते ती वॉर्डातल्या एका दुपारची. सुमनबाई त्यांना वरणभात भरवत होत्या आणि तो वसुलीवाला आला. हातात कागद होता. तो वाईट मुलगा नव्हता, त्याला कुणीतरी पाठवलं होतं. बँडेजमधल्या हातांचीही भीती वाटून तो खाटेच्या पलीकडून, सुमनबाईंच्या बाजूनं उभा राहिला आणि हळू आवाजात सांगू लागला. घराचा लिलाव झाला होता. नुसत्या चिरलेल्या भिंती, दारंखिडक्या नाहीत, म्हणून फारच कमी आले. ते वळते करून उरलेली बाकी इतकी, वर व्याज. इथं दोघांनी सही करायची. सही करायला हात नाहीत हे त्याच्या बोलता बोलता लक्षात आलं, तेव्हा तो म्हणाला की अंगठाही चालेल.

बारूदभाऊंचे दोन्ही हात जुन्या सवयीनं उठले. पांढऱ्या गुंडाळ्यांतले ते हात छातीपर्यंत आले आणि तिथंच अडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते बघवेना.

सुमनबाईंनी वाटी खाली ठेवली. पदराला हात पुसला. उठल्या आणि त्या पोराच्या कानाखाली अशी ठेवून दिली की पलीकडच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. त्याच्या हातातला कागद खाटेखाली गेला. मी पोलिसाकडे पाहिलं. पोलीस खिडकीबाहेर काहीतरी बघत होता. गाल धरून तो मुलगा कागद न उचलता निघून गेला.

सुमनबाई परत खाटेच्या कडेवर बसल्या. हात झटकला, वाटी उचलली. बारूदभाऊ त्यांच्या त्या हाताकडे बघत होते. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून शब्द फुटला, आणि तोही हळू आवाजात.

"हात दुखला काय तुहा?"

"दुखला थोडासाक," सुमनबाई म्हणाल्या. "तोंड उघडा. भात थंडा होऊन राह्यला."